पायथ्याशी उभी बाई

झूरा आपांच्या वर्गात मी पुष्कळदा मेलो आहे. कधी घोड्यावरून पडून, कधी छातीत कळ येऊन, एकदा तर चुलीच्या धुरानं गुदमरून. म्हणूनच बहुधा त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्याबद्दल चार शब्द लिहायचं काम हॉस्पिटलातल्या मंडळींनी माझ्या गळ्यात घातलं. मी म्हटलं, मला लिहायची सवय नाही. सगळा जन्म पोरांना भूगोल शिकवण्यात गेला, आणि तोही फळ्याकडे तोंड करून. तर म्हणाले, "मग जे ऐकलंत तेवढंच लिहा, मास्तर." ऐकलं आहे खरं. डोळे मिटून पडलेल्या माणसाला फार ऐकू येतं.

झूरा आपा आमच्या या डोंगरातल्या नारिन गावच्या मोठ्या हॉस्पिटलात भूल द्यायच्या. वयानं माझ्याहून लहान, पण सगळं गाव आपा म्हणतं म्हणून मीही म्हणतो. भूल देणं हे त्यांचं पगाराचं काम. जिवाचं काम वेगळंच होतं. माणूस जायच्या बेतात असतो तेव्हा पहिल्या काही मिनिटांत त्याला धरून कसं ठेवायचं, हे त्या डॉक्टरांना आणि शिकणाऱ्या पोरापोरींना शिकवायच्या. त्यासाठी त्यांना हॉस्पिटलातली जुनी धोब्याची खोली मिळाली होती. भिंतींना साबणाचा वास अजून येतो. तिथे एक पलंग, बंद पडत्या हृदयाला विजेचा झटका देणारं एक यंत्र आणि छातीपासून वरचाच तेवढा एक रबरी माणूस. तो परदेशातून खोक्यात बसून आला आणि परत काही गेला नाही, म्हणून त्याचं नाव पाहुणा.

पाहुण्याला बोलता येत नाही आणि कण्हता येत नाही, म्हणून मी. आपा आमच्या शेजारीच राहतात. मी निवृत्त झालो त्या साली कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला गप्प पडून राहता येतं का?"

"दुसरं काय येतं मला?" मी म्हटलं.

"मग उद्या या. छातीत दुखतंय म्हणायचं, घाम पुसायचा आणि मी खोकले की डोळे मिटायचे. पुढचं पाहुणा बघेल."

तेव्हापासून हे चालू आहे. मी डोळे मिटले की दोघं जण मला बाजूला सरकवतात आणि पाहुण्याला माझ्या जागी ठेवतात. मी भिंतीजवळच्या बाकावर जाऊन बसतो. डोळे तसेच मिटलेले ठेवतो, कारण डॉक्टर माणसं घाबरतात तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघणं मला बरं वाटत नाही.

आपांची शिकवण्याची रीत साधी होती. एका माणसानं पलंगाच्या पायथ्याशी उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. पेशंटला त्यानं हात लावायचा नाही. त्यानं फक्त बघायचं आणि सांगायचं. सांगताना ज्याला सांगायचं त्याचं नाव घ्यायचं. ज्याला सांगितलं त्यानं तेच मोठ्यानं परत म्हणायचं आणि झालं की "झालं" म्हणायचं. छाती दाबणाऱ्याचे हात थोड्याच वेळात थकतात. त्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणून पायथ्याशी उभ्या माणसानं त्याला बाजूला काढून दुसऱ्याला लावायचं.

एवढंच. पण नव्वदच्या दशकात, वीजही धड नव्हती तेव्हा, आपा तरुण असताना एका रात्रपाळीत एक बाई गेली. पलंगाभोवती चार माणसं होती. डोक्याशी उभा असलेला म्हणाला, "इंजेक्शन द्या रे कुणीतरी." प्रत्येकाला वाटलं, शेजारचा देतोय. कुणीच दिलं नाही. आपा पहिल्या दिवशी प्रत्येक तुकडीला ही गोष्ट सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "कुणीतरी नावाचा माणूस आमच्या हॉस्पिटलात कामाला नाही. त्याला हाक मारू नका."

आता घरातली गोष्ट. आपांच्या सासऱ्यांचं नाव तेमिरबेक. तेमिर म्हणजे लोखंड. आमच्याकडची सून सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नाव तोंडानं घेत नाही, आणि त्या नावात जो शब्द असेल तोही टाळते. त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून आपांच्या तोंडात लोखंड हा शब्द नाही. "ते कठीण" म्हणतात. रक्त कमी असलेल्या बाईला गोळ्या लिहून देतानासुद्धा "कठीणाच्या गोळ्या घे गं" म्हणतात आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाला कळतं. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरीही. त्यांची एक विद्यार्थिनी मागे म्हणाली होती, "आपा, तुम्ही एवढ्या शिकलेल्या आणि हे?" तर म्हणाल्या, "शिकलेल्या बाईला सासरा नसतो का?"

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या फेब्रुवारीत आक-बेलची तुकडी शिकायला आली. आक-बेल हे गाव खिंडीच्या पलीकडे. हिवाळ्यात बर्फ पडलं की खिंड कधी दोन दिवस बंद, कधी आठवडाभर. तिथल्या छोट्या हॉस्पिटलात तीन वर्षांपूर्वी अपघात-तातडीची एक खोली सुरू झाली होती, रात्रंदिवस उघडी. पण राजधानीतून नवा नियम आला: जिथली तुकडी परीक्षा पास होईल तिथलीच खोली चालू राहील. बाकीच्यांनी पेशंट गाडीत घालून नारिनला आणायचे. म्हणजे आक-बेलच्या लोकांनी खिंडीतून.

खोली उघडली होती ती मेरिम नावाच्या डॉक्टर मुलीनं. ती दूरच्या तलासकडची, आक-बेलच्या घरात दिलेली. नवऱ्याबरोबर राजधानीत होती, चांगल्या हॉस्पिटलात. तिची सासू आजारी पडली तेव्हा खोली-बिली काही नव्हतं. तिला गाडीत घालून निघाले. ती वाटेत खिंडीतच वारली. सासूबरोबर गाडीत होता मेरिमचा सासरा, सोरोनबाय. तो तिथला फेल्डशर, डॉक्टर येईपर्यंत सगळं तोच करतो. सासूचा चाळिसावा दिवस झाला आणि मेरिमनं नवऱ्याला सांगितलं, मी इथेच राहते. मग वर्षभर अर्ज करकरून तिनं ती खोली मिळवली.

तर त्या तुकडीत कोण कोण होतं? डॉक्टर मेरिम. नर्स कलिपा एजे, म्हणजे कलिपाताई, अंगानं भरलेली आणि तोंडानं त्याहून. आणि मेरिमचा सासरा सोरोनबाय.

मी पलंगावर आडवा पडलो होतो. मेंढपाळ होतो त्या दिवशी. छातीत दुखतंय म्हणालो, घाम पुसला. आपा खोकल्या. मी डोळे मिटले, मला सरकवलं, पाहुणा आला. त्या दिवशी बाकावरून मी डोळे किलकिले करून बघत होतो.

मेरिम पायथ्याशी उभी राहिली. हात पाठीमागे. पण सासरा उशाशी उभा, त्यामुळे ती थोडी वाकलेली, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढलेला. म्हणाली, "छाती दाबायला सुरुवात झाली तर बरं होईल."

कुणाला म्हणाली? हवेला. कलिपा एजे सोरोनबायकडे बघू लागली. सोरोनबाय कलिपाकडे. मग सोरोनबायनंच बाह्या वर केल्या आणि दाबायला लागला. ताकद होती माणसात. पहिल्यांदा यंत्रातला दाब मोजणारा दिवा हिरवा राहिला. मग थोड्या वेळानं पिवळा झाला. म्हणजे हात आता खोल जात नव्हते. कलिपानं पाहिलं. मेरिमनंही पाहिलं असणार, कारण मला तिचा श्वास आत ओढलेला ऐकू आला. पण शब्द आला नाही. दिवा पिवळाच. सोरोनबाय दाबतोय. मेरिम उभी.

"पाहुणा गेला," आपा म्हणाल्या.

"गेला कसा?" सोरोनबाय धापा टाकत. "मी दाबतोय ना!"

"तुम्ही थकलात, आबा."

"मी? मी याकचं वासरू खांद्यावर घेऊन खिंड चढलोय."

कलिपा एजे म्हणाली, "ते वासरू तरी अर्ध्या वाटेत उतरून चालायला लागलं असेल. पाहुण्याला पायच नाहीत."

कुणी हसलं नाही. आपा मेरिमकडे वळल्या. त्या दिवशी आपांची पण गाडी नियमावरच अडली होती. राजधानीचा परीक्षक आठवड्यानं येणार होता. म्हणाल्या, "तू पाहिलंस की नाही दिवा?"

"पाहिला."

"मग गप्प का?"

मेरिमनं रुमाल आणखी पुढे ओढला.

"नाव घे. म्हण, सोरोनबाय, बाजूला व्हा. कलिपा, तुम्ही लागा. म्हण माझ्यापाठी."

मी डोळे पूर्ण उघडले. मेरिमचं तोंड लाल झालं होतं, ओठ हलले, आणि तिनं मान खाली घातली. सोरोनबायनं पलंगावरची आपली कलपाक टोपी उचलली, डोक्यावर नीट बसवली. आवाज चढवला नाही त्यानं.

"डॉक्टर," तो आपांना म्हणाला, "माझ्या सुनेच्या तोंडून माझं नाव काढायला लावता, चार लोकांत. तुम्हीही कुणाच्या तरी सून आहात ना?"

आणि तो गेला. दार सावकाश लावून गेला. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी आपांकडे गेलो. त्यांच्याकडे बोलायला जातो असं नाही, बसायला जातो. त्यांचे यजमान इशेन खिडकीशी पेपर वाचत होते. आपा चुलीपाशी, कढईत बटाटे-मटण शिजत होतं, आणि त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. स्वतःशी बोलत होत्या.

"पुस्तकात स्पष्ट आहे. नाव घ्या. नाव घेतलं नाही तर माणूस मरतो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता त्या पोरीला मी काय सांगू, सासऱ्याला हवेतून सांग?"

मी मान हलवली. माझी मान अशा वेळी आपोआप हलते, कुणाच्याही बाजूनं.

"खोली बंद झाली की काय होईल माहीत आहे ना? पुन्हा गाडी, पुन्हा खिंड. अहो, ते कठीण द्या बघू, कढई उतरवायचीय."

इशेननी पेपरातून डोकं वर न काढता हात मागे नेला, खुंटीवरचा लोखंडी आकडा काढला आणि पुढे केला. आपांनी तो घेतला. कढईच्या कडीत अडकवला. आणि तशाच थांबल्या.

"काय झालं?" इशेन म्हणाले. "चुकीचं दिलं?"

"नाही."

"मग?"

आपा आकड्याकडे बघत होत्या. "मी या घरात आल्यापासून ह्याचं नाव घेतलं नाही. रोज मागते. कधी चुकून लाकूड आलंय का हातात?"

"लाकूड कसं येईल? तुम्ही 'ते कठीण' म्हणता तेव्हा मला कळतं ना."

आपा कढई उतरवायची विसरल्या. खाली बटाटे लागायला लागले तेव्हा इशेननीच उठून उतरवली. आपा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, रीत काय सांगते? सुनेनं गप्प बसावं? नाही! रीत सांगते, तिनं दुसरं नाव द्यावं! आणि मी बाई, ज्या गोष्टीवर माझा सगळा संसार चालला तीच वर्गात विसरले." मग हसल्या. त्या दिवसातलं ते पहिलं हसणं. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला. मी जास्त बोलायला लागले की खोका."

सोरोनबाय त्याच्या बहिणीकडे उतरला होता, नदीपलीकडे. आपांनी कापडात बांधून गरम बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, नेले होते. मेरिम दारात आली, वाकून सलाम केला, आम्हाला आत नेलं. सोरोनबाय गादीवर बसला होता. बसा म्हणाला, पण जेवढ्यास तेवढं.

आपांनी वेळ घालवला नाही. "काल माझी चूक झाली. तुमच्या सुनेच्या तोंडी तुमचं नाव घालायला नको होतं. मी तुमची माफी मागते."

सोरोनबाय चमकला. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं माफी मागावी हे त्याच्या हिशेबात नव्हतं. "तसं काही नाही," तो म्हणाला. "बोरसोक घ्या." बोरसोक आमचेच होते.

"पण एक विचारायला आलेय. सून दिराला दुसरं नाव देते. नणंदेला देते. तुम्हाला दिलं तर?"

"सासऱ्याला आबा म्हणतात. आणखी काय नाव?"

"हॉस्पिटलात आबा चार असतात. पेशंटसुद्धा आबा असतो."

ते त्याला पटलं असावं, पण चेहऱ्यावर आणलं नाही. "हाक मारील. ठीक आहे. पण बाजूला व्हा म्हणेल? सासऱ्याला? आणि मी व्हायचं?"

"तुमचे हात तुम्हाला सांगत नाहीत, आबा. कुणाचेच सांगत नाहीत. माझेही नाही."

मेरिम चहा ओतत होती, एकेक वाटी, रीतीप्रमाणे अर्धी भरून. मला वाटलं आता खोकावं, पण आपा बोलतच नव्हत्या.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी गाडीत मी एकटा होतो. ड्रायव्हर पुढे. खिंडीच्या वर गेलो तेव्हा तिचं हृदय थांबलं. मी दाबायला लागलो. नारिनच्या पुलापर्यंत दाबत आलो. मला कुणी सांगितलं नाही थांबा म्हणून. मला वाटतं मधे कुठेतरी मी नुसता हात हलवत होतो."

मेरिमच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिनं हे ऐकलं नव्हतं आधी, तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

आपा म्हणाल्या, "दुसरे हात नव्हते. आता आहेत. पण ते हात पुढे यायला कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं ना."

सोरोनबायनं वाटीतला चहा संपवला. मग सुनेकडे न बघता म्हणाला, "काय नाव देशील, बाळ?"

मेरिम जमिनीकडे बघत होती. मग अगदी हळू म्हणाली, "माझा सासरचा पहिला उन्हाळा होता. वर कुरणात होतो. वादळ आलं. तंबूचं छत उडायला लागलं तेव्हा तुम्ही बकान घेऊन मध्ये उभे राहिलात, दिवस उजाडेपर्यंत. मी कोपऱ्यात रडत होते. मी मनात तेव्हापासून तेच म्हणते."

"काय तेच?"

"बकान."

बकान म्हणजे दुबेळक्याचा लांब खांब. एरवी तंबूच्या बाहेर पडलेला असतो, कपडे वाळत घालतात त्याच्यावर. वारा सुटला की आत आणतात आणि छताच्या मधलं लाकडी चाक त्यानं खालून उचलून धरतात. सोरोनबायनं मिशीवरून हात फिरवला. खूश झाला होता आणि ते लपवायला त्यानं तीन बोरसोक एकदम घेतले.

"बकानचं लाकूड चांगलं असतं," तो म्हणाला.

"आणि वारा पडला की बकान काढून बाजूला ठेवतात," आपा म्हणाल्या.

त्यानं आपांकडे पाहिलं. "ते मला माहीत आहे, डॉक्टर. तुम्ही मला तंबू शिकवू नका."

मग मी खोकलो. उशीरच झाला होता.

आठवडाभर ती तिघं रोज त्या साबणाच्या वासाच्या खोलीत यायची. बाकीची नावं सोपी होती. अडायचं ते एकाच ठिकाणी. मेरिम "बकान, दाबायला लागा" म्हणायची ते स्वच्छ. "दाबायला लागलो" असं सोरोनबाय गर्जायचा. पण "बकान, बाजूला व्हा" म्हणताना तिचा आवाज पायात जायचा, आणि सोरोनबायला तर तो ऐकूच यायचा नाही. खरंच यायचा नाही की काय कुणास ठाऊक. कलिपा एजे म्हणायची, "आबांच्या कानाला दार आहे. 'जेवायला या' म्हटलं की उघडतं." आपा पुन्हा पहिल्यापासून करायला लावायच्या. मी पुन्हा मेंढपाळ व्हायचो. एकदा कंटाळून मी मरायच्या आधीच डोळे मिटले तर आपा म्हणाल्या, "मास्तर, घाई कसली आहे?"

परीक्षेच्या दिवशी राजधानीतून एर्मेक नावाचा परीक्षक आला. तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. त्याच्याकडे कागद होता आणि तो कागदावरच लक्ष ठेवून होता. मी मेलो. बाकावर जाऊन बसलो, डोळे मिटले.

"बकान, छाती दाबायला लागा."

"दाबायला लागलो."

"कलिपा एजे, यंत्राच्या पट्ट्या लावा."

"लावते. लावल्या, झालं."

एर्मेकच्या पेनाचा आवाज येत होता. मग तो क्षण आला. मला दिवा दिसत नव्हता, पण पाहुण्याच्या छातीचा खटखट आवाज बारीक झाला, त्यावरून कळलं.

"बकान, बाजूला व्हा. कलिपा एजे, तुम्ही लागा."

खटखट चालूच. बारीक.

"बकान, बाजूला व्हा."

चालूच. कलिपा एजे पुढे आली होती, तिच्या चपलांचा आवाज आला, पण जागा मिळत नव्हती. मी डोळे उघडले, राहवलं नाही. सोरोनबायचे डोळे मिटलेले होते. तो पाहुण्याला दाबत नव्हता. तो खिंडीत होता, हे मला समजलं आणि मेरिमलाही समजलं असावं. तिनं पाठीमागचे हात सोडले नाहीत. पाठ ताठ केली. रुमाल मागे सरकला होता तो तसाच राहू दिला.

"बकान! हात उचला!"

त्या घरात तिचा असा आवाज कुणी ऐकला नसेल. खिडकीच्या काचेला लागला. सोरोनबायनं डोळे उघडले आणि दोन्ही हात वर केले, पोलिसांनी सांगितल्यासारखे.

"हात उचलले," तो म्हणाला.

"कलिपा एजे, लागा."

"लागले!"

दिवा हिरवा झाला.

सगळं संपल्यावर एर्मेकनं घसा साफ केला. "चांगलं झालं. पण एक अडचण आहे. सदस्याला नावानं हाक मारायची, असं नियमात आहे. बकान हे काही यांचं नाव नाही."

मेरिम पांढरी पडली. खोली बंद होण्याची गोष्ट होती ती, आणि एका शब्दापायी. आपा पुढे झाल्या. मला वाटलं आता भांडतील. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "नियम कशासाठी आहे, बाळ?"

"ज्याला सांगितलं त्याला आपल्यालाच सांगितलंय हे कळावं म्हणून."

"आबा, कळलं का तुम्हाला?"

"कळलं तर!" सोरोनबाय अजून घाम पुसत होता. "एवढ्या मोठ्यानं माझ्यावर फक्त माझी आई ओरडली होती, मी घोडा हरवला तेव्हा."

"आणि तुझी आई," आपांनी एर्मेकला विचारलं, "तुझ्या आजोबांना काय म्हणते?"

एर्मेक कागदाकडे बघत राहिला. कान लाल झाले. "चष्मेवाले," तो म्हणाला.

"आणि दुसरेच आजोबा येतात का मग?"

तो हसला, आणि एकदा हसल्यावर त्याला थांबता येईना. कागदावर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पण आक-बेलची खोली चालू राहिली.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आपा त्या वसंतात निवृत्त झाल्या, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मास्तर, चला, आक-बेलला जाऊन येऊ. परीक्षेत पास होणं वेगळं."

खिंडीत कडेला अजून बर्फ होतं. सोरोनबायच्या बायकोच्या नावाचा दगड रस्त्यावरून दिसतो. ड्रायव्हरनं गाडी हळू केली, आम्ही दोघांनी दुआ मागून हात चेहऱ्यावरून फिरवले. हॉस्पिटलच्या दारावरचा दिवा भर दुपारीही चालू होता. सोरोनबाय बाहेर बाकावर बसला होता. आम्हाला पाहून उठला, "उघडं आहे," म्हणाला, जणू तेच विचारायला आलो होतो. मग आत जाऊन चहा घेऊन आला.

पहिली वाटी संपली नाही तोच एक ट्रक येऊन थांबला. मागे दोघं जण एका माणसाला धरून. मेंढपाळच होता. छाती धरली होती, चेहरा राखेसारखा. मी हे सगळं इतक्या वेळा केलंय, पण त्या माणसाकडे बघून मला कळलं की मी कधीच नीट केलं नव्हतं. त्याला आत नेलं. आतून हाक आली, "बकान!" सोरोनबायनं वाटी बाकावर ठेवली, "आलो!" म्हणाला आणि गेला.

आपा उठल्या. दोन पावलं दाराकडे गेल्या. मग थांबल्या, परत आल्या आणि बाकावर बसल्या. हात पाठीमागे बांधलेले, बसल्या बसल्या.

"आत जात नाही?" मी विचारलं.

"आत एक उभी आहे पायथ्याशी," त्या म्हणाल्या. "दोन नकोत."

मी डोळे मिटले. मला तसंच नीट ऐकू येतं. मेरिमचा आवाज येत होता, मोठा, सरळ. मग सोरोनबायचा. मग कलिपाचा. कोण काय करतंय ते मला बाहेरून सांगता आलं असतं. आपांचे ओठ हलत होते, पुढची आज्ञा त्या आधीच म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी आतून तीच यायची. एकदा आतून यायला जरा उशीर झाला तेव्हा आपांनी माझं मनगट धरलं. फार जोरात धरलं.

"बकान, बाजूला व्हा. कलिपा एजे, लागा."

"बाजूला झालो."

एकदाच सांगावं लागलं. आपांनी माझं मनगट सोडलं.

थोड्या वेळानं सोरोनबाय बाहेर आला. बाकावर बसला. हात त्यानं मांडीवर पालथे ठेवले.

"मला काढलं," तो म्हणाला.

"मग?" आपा म्हणाल्या.

"मग कलिपा लागली. मग यंत्र. आता तो खोकतोय आणि विचारतोय, माझी मेंढरं कुणी बघतंय का." त्यानं बाकावरची वाटी उचलली, चहाकडे पाहिलं. "गार झाला."

आतून मेरिम दारात आली. रुमाल मागे सरकलेला. बाहेर सासरा बसलेला दिसताच तिनं तो पुढे ओढला, थोडी वाकली.

"आबा," ती म्हणाली, "दुसरा ओतू का?"

"ओत, बाळ," सोरोनबाय म्हणाला. "आणि डॉक्टरांना पण. बाहेर बसून त्या फार थकल्यात."